न्यू जर्सीत सस्पेंड, नॉर्थ कॅरोलायनात मुक्काम: एका ट्रॅफिक वकीलबाईंच्या सेवेबद्दल

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा का कापला ते पुढे येईलच, आधी सेवा कोणती ते सांगते.

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत एका वकीलबाईंचं छोटं ऑफिस आहे. त्या स्वतः, हाताखाली एक सहायक मुलगी, बस. ट्रॅफिकची तिकिटं, म्युनिसिपल कोर्ट आणि सस्पेंड झालेली लायसन्सं एवढंच काम त्या घेतात. घरखरेदीचे कागद नाहीत, घटस्फोट नाहीत. माझा भाचा न्यू जर्सीहून इकडे मॉरिसव्हिलला नोकरीसाठी आला, तेव्हा त्याचं तिकडचं लायसन्स सस्पेंड झालेलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. ते प्रकरण या बाईंनी सोडवलं. केस भाच्याची आहे म्हणून बाईंचं नाव इथे उघड लिहीत नाही.

लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. रॉली, कॅरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यात एडिसनहून, डॅलसहून, बे एरियातून आपली मुलं सतत येत असतात. त्यातल्या बऱ्याच जणांची पक्की समजूत असते की जुन्या राज्यातली भानगड जुन्या राज्यातच राहते. ती राहत नाही. आणि ज्या दिवशी हे कळतं, त्या दिवशी पोरं घाबरून मित्रांना विचारतात, मित्र वाट्टेल ते सल्ले देतात. त्याऐवजी नीट माणसाकडे जावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

झालं होतं असं. भाचा एडिसनला राहत असताना रूट १ वर ४५ च्या टप्प्यात ६३ नं गेला आणि तिकीट मिळालं. न्यू जर्सीत मर्यादेपेक्षा १५ ते २९ मैल जास्त वेग म्हणजे चार पॉइंट, म्हणजे लायसन्सच्या नोंदीवर चढणारे दोषांक. ते वाचवावेत म्हणून त्यानं गुन्हा नाकबूल केला आणि कोर्टाची तारीख घेतली. मधल्या काळात इकडची नोकरी लागली, अपार्टमेंट सुटलं, रूममेट पांगले. कोर्टाची तारीख पुढे ढकलली गेली आणि नव्या तारखेचं पत्र गेलं एडिसनच्या जुन्या पत्त्यावर. ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. तारखेला कोणी हजर नाही म्हटल्यावर कोर्ट न्यू जर्सीत लायसन्स देणाऱ्या मोटार व्हेइकल कमिशनला, म्हणजे आपण ज्याला एमव्हीसी म्हणतो त्याला कळवतं, आणि लायसन्स सस्पेंड होतं. त्याची नोटीससुद्धा जुन्याच पत्त्यावर. न्यू जर्सीत पत्ता बदलला की आठवड्याच्या आत एमव्हीसीला कळवावं लागतं, हे तिथे राहणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं. आणि कोर्टात केस चालू असेल तर कोर्टाला वेगळं कळवावं लागतं. एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं नाही.

हे सगळं उघडकीला आलं ते इथल्या डीएमव्हीच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या काउंटरवर. नॉर्थ कॅरोलायनात राहायला आल्यावर ६० दिवसांत इथलं लायसन्स घ्यावं लागतं. भाचा पासपोर्ट, व्हिसाचे कागद, सोशल सिक्युरिटी कार्ड, घराचा करार, इन्शुरन्सचा डीएल-१२३ फॉर्म अशी सगळी फाइल नीट लावून गेला. मी सोबत होते. काउंटरवरच्या बाईंनी नाव आणि जन्मतारीख टाकली, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा नाव तपासलं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये लावतात आणि पासपोर्टवर ते बहुतेक वेळा पहिल्या नावाच्याच रकान्यात येऊन बसतं, त्यामुळे त्यांनी आधी माणूस हाच ना याची खात्री करून घेतली. मग शांतपणे म्हणाल्या, ‘न्यू जर्सीत तुमचं लायसन्स सस्पेंड आहे. ते त्यांनी मोकळं केल्याशिवाय आम्हाला इथलं देता येणार नाही.’ चिडचिड नाही, उपदेश नाही. कोणत्या राज्याशी बोलायचं ते कागदावर लिहून दिलं आणि जाताना एवढंच विचारलं, ‘गाडी कोण चालवणार आहे?’ मी म्हटलं, मी. ‘छान,’ म्हणाल्या.

त्या एका प्रश्नानं माझ्या पोटात गोळा आला. कारण हा मुलगा एडिसनहून इथे स्वतः गाडी चालवत आला होता. आय-९५ नं डेलावेअर, मेरीलँड, मग अख्खी व्हर्जिनिया, पीटर्सबर्गला आय-८५ पकडून खाली. व्हर्जिनियात सस्पेंड लायसन्सवर गाडी चालवणं हा क्लास वन मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ फौजदारी गुन्ह्यांतला सगळ्यांत वरचा वर्ग आहे. कमाल शिक्षा १२ महिने तुरुंग आणि २,५०० डॉलर दंड. त्याच व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल जास्त किंवा ८५ च्या वर गेलात तर तो रेकलेस ड्रायव्हिंगचा फौजदारी गुन्हा, साधं तिकीट नव्हे. म्हणजे वाटेत कुठे पोलिसानं थांबवलं असतं, तर परक्या राज्यात काय वाढून ठेवलं होतं देव जाणे. नॉर्थ कॅरोलायनात हा क्लास थ्री मिसडिमीनर, तुलनेनं सौम्य, पण फौजदारीच. न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडलात तर ५०० डॉलर दंड, वर सहा महिन्यांपर्यंत सस्पेन्शन वाढू शकतं आणि तीन वर्षं दरवर्षी २५० डॉलर सरचार्ज. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि गाडी ज्या राज्यात उभी असते त्याचा लागू.

आपली गल्लत इथेच होते, आणि त्यात मुलांना फार दोष देता येत नाही. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ सगळ्या देशाला एकच. सांगलीच्या आरटीओनं दिलेलं लायसन्स बंगळुरात चालतं, राज्य बदललं म्हणून नवं काढावं लागत नाही. इथे लायसन्स राज्याचं. कॅलिफोर्नियात गेलात तर १० दिवसांत बदला, टेक्सासमध्ये ९० दिवसांत, इथे ६०. लायसन्स राज्याराज्याचं म्हटल्यावर शिक्षाही राज्याराज्याचीच असणार असं कोणालाही वाटेल.

पण सगळ्या राज्यांना जोडणारी एक नोंदवही वॉशिंग्टनला आहे. नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर. १९६० च्या कायद्यानं सुरू झालं, आणि ते चालवते रस्ते सुरक्षेची केंद्रीय संस्था, नित्सा. पन्नासही राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी त्यात आहेत. ज्याचं लायसन्स सस्पेंड किंवा रद्द झालंय त्याची नाव, जन्मतारीख अशी ओळख पटवणारी माहिती आणि कोणत्या राज्यानं नोंद केली एवढंच त्यात असतं. ग्रंथालयातल्या कार्डासारखं: पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते सांगणारं, आत काय लिहिलंय ते नव्हे. नवं लायसन्स देण्याआधी प्रत्येक राज्याला ही नोंदवही तपासावीच लागते. याशिवाय ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट म्हणून राज्याराज्यांत करार आहे, एका राज्यातला गुन्हा दुसऱ्याला कळवण्याचा. त्यात जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, टेनेसी, विस्कॉन्सिन नाहीत. म्हणून कोणीतरी भाच्याला सुचवलं, ‘अटलांटाच्या मित्राचा पत्ता दे, तिथून लायसन्स काढ.’ करारात नसलं तरी जॉर्जिया नोंदवहीत आहेच. आणि अर्जात ‘तुमचं लायसन्स कुठे सस्पेंड आहे का’ हा प्रश्न असतो. तिथे खोटं लिहिलं की साध्या तिकिटाच्या भानगडीत खोटी माहिती दिल्याची भर पडते.

दुसरा सल्ला याहून लोकप्रिय: ‘इंडियाचं लायसन्स आहे ना, इंटरनॅशनल परमिट आहे ना, ते दाखव.’ हे तर अजिबात करू नका. सस्पेंड होतो तो गाडी चालवण्याचा अधिकार, हातातलं प्लास्टिकचं कार्ड नव्हे. खिशात नाशिक आरटीओचं कार्ड असलं म्हणून तो अधिकार परत येत नाही. उलट पोलिसाला वाटेल की माहीत असूनही चालवतोय.

आता वकीलबाईंकडे येते.

त्यांच्याआधी आम्ही दोन ठिकाणी फोन केले होते. एका ऑफिसनं काहीही न बघता आधी कार्ड नंबर मागितला आणि ‘पॉइंट शंभर टक्के जातील, गॅरंटी’ असं सांगितलं. सरकारी वकील काय मान्य करील याची गॅरंटी कोण देणार? दुसरीकडे रेकॉर्ड झालेला आवाज, परत फोन नाही. या बाईंचा नंबर एडिसनच्या एका जुन्या शेजाऱ्यांनी दिला. फोन सकाळी लागला आणि त्यांनी स्वतः उचलला.

पहिला प्रश्न: ‘गाडी आत्ता कुणाच्या ताब्यात आहे?’ दुसरा: ‘सस्पेंड झाल्यावर कुठे पोलिसांनी थांबवलं होतं का?’ भाचा नाही म्हणाला. ‘मग हे काम सोपं आहे, ते अवघड करू नका. किल्ली मावशीकडे द्या,’ असं म्हणाल्या. आणि सांगितलं, की पैशांचं नंतर बघू, आधी एमव्हीसीच्या वेबसाइटवरून ड्रायव्हर हिस्टरी ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे लायसन्सवरच्या सगळ्या नोंदींचा उतारा, काढून पाठवा. पंधरा डॉलर. ते आल्याशिवाय मी फी सांगणार नाही, कारण सस्पेन्शन एकाच कारणानं झालंय की दोन-तीन कारणं एकावर एक चढलीत, ते त्यात दिसतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. लायसन्स सस्पेंड व्हायला तिकीटच लागतं असं नाही. इन्शुरन्स खंडित झाला, सरचार्ज थकला, १२ पॉइंट झाले, कोर्टात गैरहजर राहिलात, प्रत्येकाची वेगळी नोंद. एक सोडवून माणूस निर्धास्त होतो आणि दुसरी तशीच राहते. ॲबस्ट्रॅक्टमध्ये भाच्याची एकच निघाली, कोर्टातली गैरहजेरी. मग त्यांनी फी सांगितली: ६५० डॉलर, एकरकमी. त्यात काय येतं आणि काय येत नाही याचा दोन पानी करार ईमेलनं आला. दंड, कोर्टाचा खर्च, लायसन्स परत मिळवण्याची १०० डॉलर फी हे सगळं वेगळं, आणि त्याच पानावर स्पष्ट लिहिलेलं. तासावर मीटर चालू नाही, ईमेलला उत्तर दिलं म्हणून बिल नाही.

कामाचा क्रमही त्यांनी आधीच समजावला. पहिल्यांदा कोर्टाला वकीलपत्र. मग त्या गैरहजेरीपायी वॉरंट निघालंय का ते बघायचं. निघालं असेल तर ते आधी उठवून घ्यायचं. मग केस पुन्हा बोर्डावर आणायची. त्यानंतर तिकीट निकाली काढायचं. कोर्ट एमव्हीसीला कळवतं, मग फी भरायची, मग एमव्हीसी लायसन्स पुन्हा चालू करते, आणि ते झाल्यावरच इथल्या डीएमव्हीकडे जायचं. यातली एक पायरी उलटी झाली तरी हेलपाटा. मुलं नेमकं हेच करतात, आधी १०० डॉलर भरून मोकळी होतात आणि कोर्ट तसंच राहतं. वॉरंट निघालेलं नव्हतं, हे त्याच आठवड्यात कळलं. बहिणीला भारतात फोन करून आधी ते सांगितलं, कारण ‘वॉरंट’ हा शब्द ऐकल्यापासून तिची झोप उडाली होती.

सुनावणी झूमवर झाली. न्यू जर्सीतली बरीच म्युनिसिपल कोर्टं ट्रॅफिकची कामं आता अशीच घेतात, त्यामुळे भाच्याला तिकडे जावं लागलं नाही. बाईंनी आदल्या संध्याकाळी त्याला फोन करून तयारी करून घेतली. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, मागे साधी भिंत, कॉलरचा शर्ट, नाव पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण. आणि मुख्य म्हणजे, न्यायाधीशांनी विचारलं ‘आज गाडी चालवत आलात का’ तर काय सांगायचं हा प्रश्नच उद्भवू नये म्हणून घरातूनच बसायचं, पार्क केलेल्या गाडीतून नाही. त्यांनी सांगितलं, की लोक गाडीतूनच हजर होतात, सस्पेंड लायसन्सच्या केसला, स्टिअरिंगमागे बसून. तसं आमच्या डोळ्यांदेखत झालंही. आमच्या आधीचा एक गृहस्थ गाडीच्या सीटवर होता. न्यायाधीशांनी त्याला गाडीबाहेर उतरायला लावलं आणि मगच पुढे बोलले.

भाच्याची पाळी आली तेव्हा बाईंनी फार भाषण केलं नाही. जुना पत्ता, अपार्टमेंट सोडल्याची तारीख, नोकरीचं पत्र, नवा भाडेकरार, हे सगळं त्यांनी आधीच सरकारी वकिलांकडे पाठवलं होतं. गैरहजेरी मुद्दाम नव्हती हे कागदांवरूनच दिसत होतं. वेगाचं तिकीट बदलून ‘असुरक्षित ड्रायव्हिंग’ या कलमाखाली आलं. न्यू जर्सीतल्या लोकांना हे कलम माहीत असेल, ३९:४-९७.२. पहिल्या दोन वेळा त्याला पॉइंट लागत नाहीत. फुकट मात्र नाही. दंड, ३३ डॉलर कोर्टखर्च आणि वर २५० डॉलरचा सरचार्ज. न्यायाधीशांनी भाच्याला विचारलं, हे तुम्हाला समजलं का, कोणी दबाव टाकला का. त्यानं शांतपणे उत्तरं दिली. पाच-सात मिनिटांत आटोपलं. मी जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्यात न येता बसले होते आणि हाताला कापरं सुटलेलं होतं.

अर्धा तारा कापला तो यापुढच्या भागासाठी. सुनावणीनंतर कोर्टाकडून एमव्हीसीपर्यंत नोंद जायला जो वेळ लागला, त्या काळात ऑफिसकडून काहीच कळत नव्हतं. कोर्टाचा उशीर बाईंच्या हातात नाही, हे मान्य. पण दर आठवड्याला एक ओळीचा ईमेल, ‘अजून नोंद झालेली नाही, आम्ही विचारलंय’, एवढं सहायक मुलीला करता आलं असतं. आम्ही फोन केला की उत्तर मिळायचं, पण फोन आम्हालाच करावा लागायचा. जो मुलगा रोज कामावर कसं जायचं या विवंचनेत आहे, त्याला ही शांतता जड जाते. दुसरी बारीकशी गोष्ट: निकालाची प्रमाणित प्रत हवी असेल तर ती वेगळी मागवावी लागते हे करारात नव्हतं. आम्ही विचारलं म्हणून कळलं.

ती प्रत मात्र घ्याच, पैसे पडले तरी. आपल्यापैकी बहुतेक जण व्हिसावर असतात. व्हिसाच्या अर्जाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अटक किंवा शिक्षा झाली आहे का असा सरळ प्रश्न असतो. भाच्याला अटक झालेली नव्हती, आणि न्यू जर्सीत ट्रॅफिकचं हे कलम फौजदारी गुन्ह्यात मोडत नाही. तरी पुढे कोणी विचारलं तर हातात कोर्टाचा शिक्का असलेला कागद असावा. २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) अचानक बंद झाल्या होत्या, आणि त्यात साध्या ट्रॅफिक प्रकरणांची मुलंही होती. नोंदी नंतर परत चालू झाल्या, पण त्या दिवसांत ज्यांच्या घरात विद्यार्थी होता त्यांनी काय भोगलं ते मी इथे जवळून पाहिलंय. वकीलबाईंचा या बाबतीतला एक गुण सांगायलाच हवा. व्हिसाबद्दल विचारल्यावर त्या स्पष्ट म्हणाल्या, ‘तो माझा विषय नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, आणि कोर्टात काहीही कबूल करण्याआधी विचारा.’ आम्ही सुनावणीच्या आधी विचारून घेतलं. जे येत नाही त्यावर बोलायचं नाही, असा वकील मिळायला नशीब लागतं.

मधल्या काळात भाच्यानं गाडीला हात लावला नाही. मॉरिसव्हिल गावाची स्मार्ट शटल आहे, ठरलेल्या थांब्यांवर बोलवायची, फुकट. पुढे गोट्रँगलची बस. ऑफिसातल्या एका तेलुगू मुलानं येता-जाता सोडायची तयारी दाखवली. पावसात एक-दोनदा भिजला, मीटिंगला उशीर झाला. बहीण मला म्हणायची, ‘अगं, जवळच तर आहे ऑफिस, जाऊ दे की त्याला हळूहळू.’ तिला मी सांगितलं, ताई, हळू चालवणाऱ्यालाही मागून कोणी ठोकतं. चूक दुसऱ्याची असली तरी पोलीस दोघांचंही लायसन्स बघतो. मग मात्र तिनं पुन्हा विषय काढला नाही.

कोर्टाची नोंद पोचल्यावर १०० डॉलरची फी ऑनलाइन भरली, एमव्हीसीकडून लायसन्स पूर्ववत झाल्याचा कागद आला. बाईंनी तो इथल्या काउंटरला नेण्याआधी नवीन ॲबस्ट्रॅक्ट काढायला लावलं. पुन्हा १५ डॉलर गेले, पण त्यात सस्पेन्शन संपल्याची नोंद आहे हे डोळ्यांनी बघता आलं. मगच डीएमव्हीला गेलो. या वेळी स्क्रीनवर काही अडलं नाही. तात्पुरतं कागदी प्रमाणपत्र लगेच हातात, कार्ड पोस्टानं घरी.

याच्या जोडीला मी आणखी एक केलं, त्याचीही नोंद इथे करते, कारण ही सेवा सरकारी आहे, फुकट आहे आणि आपल्या लोकांना ठाऊक नसते. नॅशनल ड्रायव्हर रजिस्टरमध्ये आपलं नाव आहे का हे कोणालाही स्वतःपुरतं विचारता येतं. नाव, जन्मतारीख, लायसन्सचा तपशील लिहिलेलं, नोटरी केलेलं पत्र नित्साला पाठवायचं. पत्ताही योगायोगानं न्यू जर्सी ॲव्हेन्यू, वॉशिंग्टन. आमच्या बँकेनं खातेदार म्हणून नोटरी तशीच करून दिली, त्यामुळे खर्च फक्त पाकिटाचा. उत्तर साध्या पोस्टानं येतं, तेव्हा घाईत असलेल्यानं त्यावर विसंबू नये. त्याला जुन्या राज्याचं ॲबस्ट्रॅक्टच बरं. पण जो तीन-चार राज्यांत राहून आलाय आणि कुठे काय राहिलंय हे ज्याला आठवत नाही, त्याच्यासाठी यापेक्षा चांगली सोय मला तरी माहीत नाही. कोणत्या राज्याचं दार ठोठवायचं ते कळतं, बाकी तपशील त्या राज्याकडून घ्यायचा.

आता या वकीलबाईंकडे कोणी जाऊ नये तेही सांगते, कारण त्याही हेच सांगतात. कॅरीतल्या एका ओळखीच्या मुलीचं न्यू जर्सीतलं साधं पार्किंगचं तिकीट राहिलं होतं. तिला बाईंनी फी न घेता परत पाठवलं: एनजेएमसीडायरेक्ट या साइटवर भरून टाका, मला पैसे देऊ नका. पॉइंट नसलेलं किंवा पॉइंट चालतील असं तिकीट असेल, नवीन काही गुन्हा नसेल, तर भरून मोकळं व्हावं. फक्त एवढं लक्षात ठेवा की वेगाचं तिकीट भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, पॉइंट येणारच. आणि दारूचं प्रकरण असेल, अपघातात कोणी जखमी असेल, तर त्या स्वतःच दुसऱ्या वकिलाचं नाव देतात.

दुसऱ्या राज्यातलं प्रकरण असेल तर त्या राज्याचा वकील लागेल, या बाई फक्त न्यू जर्सीच्या. तिथेही फी देण्याआधी कायदा बदललाय का ते बघा. टेक्सासनं १ सप्टेंबर २०१९ पासून ड्रायव्हर रिस्पॉन्सिबिलिटीचा सरचार्ज रद्द केला. व्हर्जिनियानं कोर्टाचा दंड थकला म्हणून लायसन्स सस्पेंड करणं बंद केलं. न्यूयॉर्कनंही नुसत्या थकलेल्या दंडासाठी सस्पेंड करायचं थांबवलं. दहा वर्षांपूर्वी तिकडे असताना अडकलेलं लायसन्स आता अडकलेलं नसेलही, आणि ते बघायला वकील लागत नाही.

ज्यांना नंबर हवा असेल त्यांनी मला वैयक्तिक विचारा, देते. फोन सकाळी नऊच्या सुमाराला लावा, कोर्टाला निघण्याआधी त्या स्वतः उचलतात. दुपारी सहायक मुलगी निरोप घेते आणि परत फोन यायला दुसरा दिवस उजाडतो. बोलताना ताजं ॲबस्ट्रॅक्ट, तिकिटाचा नंबर, जुनं घर सोडल्याची तारीख दाखवणारा एखादा कागद आणि नवा भाडेकरार समोर ठेवा. सस्पेंड झाल्यानंतर कुठे पोलिसांनी थांबवलं असेल, तर ते त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा, कारण फीपासून कोर्टातल्या तयारीपर्यंत सगळं त्यावर ठरतं.